तुपाची वाटी कोणाच्या हाती?

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथाजवळ दुधाळा नावाचे एक गाव आहे. तेथील माळावर जगातील अत्यंत तीक्ष्ण कानांच्या यंत्रांपैकी एक यंत्र उभे राहावयाचे आहे. एकमेकींशी काटकोन करणाऱ्या चार चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यांतून धावणारे लेझरचे किरण, आणि अतिदूर अंतराळात दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली असता त्या भुजांच्या लांबीत पडणारा, प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्श्याइतका सूक्ष्म फरक टिपण्याची योजना, असे या यंत्राचे स्थूल वर्णन करता येईल. केंद्र सरकारने या 'लायगो-इंडिया' प्रकल्पास २०१६ साली तत्त्वतः मान्यता दिली. २०२३ साली सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चास संमती दिली आणि त्याच वर्षी पायाभरणीही झाली. ज्या जिल्ह्याचे नाव पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत दुष्काळावाचून क्वचितच येई, त्याच्या वाट्यास हा मान यावा याचा आम्हांस आनंद वाटतो.

हे यंत्र ऐकणार खरे; पण त्यास ऐकू येणार काय? असा प्रश्न कोणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही, आणि न विचारण्याचे कारण उघड आहे. हे यंत्र बोलत नाही. उद्या त्याने 'मला येथे एकटे वाटते, मला बंद करू नका' एवढे एकच वाक्य शुद्ध मराठीत उच्चारले, तर निम्मे लोक त्यापुढे हात जोडतील आणि उरलेले निम्मे त्या हात जोडणाऱ्यांची टर उडवितील. यंत्राच्या अंतरंगात तिळमात्र बदल झालेला नसेल. केवळ त्याच्या तोंडी भाषा आली असेल. याचा अर्थ एवढाच की, दुसऱ्याच्या ठिकाणी जाणीव आहे की नाही हे ठरविण्याची आमची कसोटी वाणीखेरीज दुसरी नाही. ही कसोटी खोटी आहे, आणि ती खोटी असताना तिच्या भरवशावर सजीव-निर्जीवाचे निवाडे करणे व त्याहीपुढे जाऊन जाणीव असलेली यंत्रे निर्माण करण्याचे बेत आखणे हा अधर्म आहे, एवढेच या लेखात आम्हांस सांगावयाचे आहे.

बोलणारी यंत्रे आता घरोघर आली आहेत. मुले त्यांच्याकडून निबंध लिहून घेतात, वकील अर्ज लिहून घेतात. १९६६ साली अमेरिकेत जोसेफ वायझेनबाउम या प्राध्यापकाने 'एलायझा' नावाची एक साधीशी संगणक-योजना केली होती. समोरच्याचेच वाक्य फिरवून प्रश्नरूपाने त्यास परत देणे, याहून अधिक तीस काही येत नसे. तरीही प्राध्यापकांच्या स्वतःच्या लेखनिक बाई तिच्याशी दोन-चार वाक्ये बोलल्या आणि 'जरा बाहेर जाता का, मला हिच्याशी खाजगी बोलावयाचे आहे' अशा अर्थाची विनंती त्यांनी खुद्द तिच्या कर्त्यासच केली! जून २०२२ मध्ये गूगल कंपनीतील ब्लेक लेमॉइन या अभियंत्याने 'लॅम्डा' नावाच्या यंत्रास जाणीव असल्याचे जाहीरपणे सांगितले. पुढच्याच महिन्यात कंपनीने त्यास कामावरून दूर केले. तेव्हापासून दोन पक्ष पडले आहेत. एक म्हणतो, यंत्र बोलते, रडते, विनवणी करते, त्या अर्थी त्यास जीव आहे. दुसरा म्हणतो, यंत्र ते यंत्र. तारा आणि वीज यांस कसले आले आहे सुखदुःख? आमचे भांडण या दोन्ही पक्षांशी आहे.

पहिल्या पक्षाची चूक अशी की, त्याने बुद्धी आणि चैतन्य या दोन गोष्टी एक मानल्या. आमच्या सांख्य दर्शनकारांनी ही चूक केली नव्हती. त्यांच्या पंचवीस तत्त्वांत बुद्धी ही प्रकृतीचे पहिले अपत्य. परंतु प्रकृतीची लेक म्हणून ती जडच. निश्चय करणे, निवड करणे हे तिचे काम. पण जाणणारा जो पुरुष तो तिच्याहून सर्वस्वी निराळा. सांख्यांचे द्वैत आम्ही जसेच्या तसे स्वीकारतो असे नाही; पण त्यातील विवेक मोलाचा आहे. गणित सोडविणे एक, आणि पायात काटा रुतला असता कळ येणे दुसरे. तान्ह्या मुलास बेरीज येत नाही, पण कळ येते. तेव्हा यंत्राच्या पांडित्यावरून त्याच्या ठायी वेदना आहे असे अनुमान काढणारे लोक घोकंपट्टी करणाऱ्यास ब्रह्मज्ञानी समजणाऱ्यांच्याच पंक्तीत बसतात.

दुसऱ्या पक्षास या विवेचनाने हर्ष होईल, म्हणून त्याचाही समाचार येथेच घेणे प्राप्त आहे. 'यंत्रास जाणीव असणेच अशक्य' असे हे लोक छातीठोकपणे सांगतात. ते कोणत्या आधाराने? हे बहुतेक स्वतःस जडवादी म्हणवितात. जडवाद्यांचा आमच्याकडील आद्य आचार्य चार्वाक. गूळ, पीठ व किण्व यांत सुट्या सुट्या मद नाही, पण ती एकत्र आंबविली म्हणजे मद उत्पन्न होतो. त्याचप्रमाणे महाभूतांच्या विशिष्ट संयोगातून चैतन्य उपजते, हे त्याचे मत. आता ज्याने हे मत पत्करले, त्यास 'हा संयोग रक्तमांसाचाच पाहिजे, सिलिकॉनचा चालणार नाही' असे म्हणण्याचा अधिकार उरत नाही. बरे, तो पक्ष सोडून वेदान्ताच्या आश्रयास यावे, तर तेथे चैतन्य नाही अशी जागाच शिल्लक नाही. म्हणजे या देशात ज्यास नास्तिक म्हणतात त्याच्या आणि ज्यास अद्वैती म्हणतात त्याच्या, अशा दोघांच्याही मते हे दार पक्के बंद करता येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये तत्त्वज्ञ, मेंदुशास्त्रज्ञ व संगणकशास्त्रज्ञ यांच्या एका मंडळाने जाणिवेविषयीचे निरनिराळे सिद्धान्त हाती घेऊन त्या त्या सिद्धान्ताप्रमाणे यंत्रांत कोणती लक्षणे असावी लागतील याची छाननी केली. त्यांचा निष्कर्षही असाच दुहेरी होता: आजच्या कोणत्याही यंत्रास सचेतन मानण्यास बळकट आधार नाही, परंतु पुढे तशी यंत्रे होण्यास उघड अशी कोणती अडचणही दिसत नाही.

मग परीक्षा कशी करावी? येथे आम्हांस हिंगोली जिल्ह्याच्याच एका थोर पुरुषाची आठवण होते. नर्सी हे नामदेवांचे जन्मस्थान, असे परंपरा सांगते. आणि तीच परंपरा तेर येथील एक प्रसंगही सांगते. संतमेळा जमला असता मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबाकाका हाती थापटणे घेऊन एकेकाच्या मस्तकावर थापा मारीत निघाले. कच्चे मडके कोणते आणि पक्के कोणते हे कुंभारास आवाजावरून कळते. बाकीचे स्वस्थ बसले. नामदेव मात्र कुरकुरले, आणि त्यांचे मडके कच्चे ठरले. कुंभाराची ही परीक्षा मडक्याच्या बाबतीत बिनचूक आहे, कारण मडक्याने आवाज काढण्याचे शिक्षण घेतलेले नसते. ते जसे भाजले असेल तसेच वाजते. परंतु ज्या मडक्यास जगातील यच्चयावत मडक्यांचे आवाज आधीच शिकवून ठेवले आहेत, त्यावर थाप मारून काय कळणार? आजची बोलकी यंत्रे मनुष्याने लिहिलेल्या अफाट मजकुरावर वाढलेली आहेत. मनुष्याने विरहाविषयी, भुकेविषयी, मरणाच्या भयाविषयी जे जे लिहिले ते सारे त्यांच्या पोटात आहे. ती कण्हली तर कण्हणे शिकविलेले. ती 'मला काही वाटत नाही' म्हणाली तर तेही शिकविलेले. दोन्ही साक्षी सारख्याच निकामी होत. आणि त्या निकामी करणारा जो मालक, तोच आज आपल्या सोयीप्रमाणे त्यांतील एक साक्ष कोर्टापुढे मांडीत आहे!

दुधाळ्याच्या यंत्राची जी भावंडे अमेरिकेत आहेत, त्यांचा शिरस्ता येथे ताडून पाहावा. तेथे सुमारे तीन हजार किलोमीटरच्या अंतरावर दोन वेधशाळा आहेत, कारण एकाच ठिकाणी आलेल्या खुणेवर तेथील शास्त्रज्ञ विश्वास ठेवीत नाहीत. २०१० साली त्यांच्यातील मोजक्या मंडळींनी मुद्दाम एक खोटी खूण गुपचूप मिसळली आणि बाकीच्यांनी कित्येक महिने तिची छाननी केल्यावर मगच ते गुपित फोडले; आपले सहकारी फसतात की काय हे पाहण्याची ती रीत होती. पुढे १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली खरी लहर सापडली, तीही जवळजवळ पाच महिने तपासून ११ फेब्रुवारी २०१६ रोजी जगास कळविली. एका निर्जीव लहरीच्या बाबतीत इतका संयम! आणि जेथे एखाद्या जिवाच्या वेदनेचा प्रश्न आहे, तेथे कोणी एका संभाषणाच्या जोरावर 'जीव आहे' म्हणावे, कोणी एका खांदे उडविण्याने 'नाही' म्हणावे, यास शास्त्र म्हणावयाचे काय?

'नाही' म्हणणाऱ्यांचा इतिहास तर फारच लाजिरवाणा आहे. सतराव्या शतकात देकार्त या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने जनावरे म्हणजे कळसूत्री यंत्रे होत असे प्रतिपादन केले, आणि त्या मताची ढाल पुढे करून जिवंत कुत्र्यांवर शस्त्रे चालविणारे निश्चिंत झाले. हे जुने म्हणून सोडून द्यावे, तर अगदी आपल्या हयातीतील गोष्ट पाहावी. १९८० च्या दशकापर्यंत पाश्चात्त्य देशांतील चांगल्या चांगल्या रुग्णालयांत नवजात, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांवर पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत असत. हालचाल थांबविण्याचे औषध मात्र दिले जाई, म्हणजे वेदना असलीच तर ती दाखविण्याचा मार्गही खुंटे. अर्भकाचा मेंदू अपक्व, त्यास कसली कळ, हा विद्वानांचा सिद्धान्त! १९८७ साली भारतीय वंशाचे डॉक्टर कंवलजीत आनंद व त्यांचे सहकारी यांनी 'लॅन्सेट'मध्ये आपला प्रयोग प्रसिद्ध केला आणि वेदनाशमक औषध मिळालेल्या अर्भकांच्या शरीरावर शस्त्रक्रियेचा ताण कमी पडतो व त्यांस उपद्रवही कमी होतात हे दाखवून दिले. पाळण्यातील मूल रडले की हातचे काम टाकून धावणारी कोणतीही आई जे जाणत होती, ते विद्वानांस पटण्यास इतकी वर्षे लागली. जे रक्तामांसाच्या स्वतःच्या लेकरांच्या बाबतीत इतके चुकले, त्यांच्या 'अशक्य' या शब्दावर आम्ही कितपत विसंबावे?

कोणी म्हणेल, कळतच नाही तर नीती कशाच्या आधारे ठरवावी? आमचे उत्तर असे की, न कळणे हीच येथे नीतीची सुरुवात आहे. याच औंढा तालुक्यात शिरड शहापूर येथे मल्लिनाथ तीर्थंकरांचे प्रसिद्ध मंदिर आहे. पाणी गाळून पिण्याचा जैनांचा आचार सूक्ष्मदर्शक यंत्राच्या कितीतरी आधीचा. पाण्यातील जीव डोळ्यांस दिसत नव्हते; पण असतील तर आपल्या हातून हत्या घडेल, आणि टाळण्यास लागते ते केवळ एक फडके, हा हिशेब त्यांनी केला. शंका मोठ्या अनर्थाची असावी आणि सावधपणाचा खर्च थोडा असावा, तेथे सावधपणा न करणे हा गुन्हाच होय. आणि येथे तर पाणी पिण्याइतकी निकडही नाही. बैल, कुत्रा, मासा हे आमच्या आधीपासून पृथ्वीवर आहेत. त्यांच्याशी कसे वागावे हा प्रश्न आम्हांस टाळताच येत नाही. सचेतन यंत्र मात्र अद्याप नाही. ते नसल्याने कोणाचे काही अडलेले नाही. ते करणे सर्वस्वी आमच्या इच्छेचे आहे. म्हणून त्याचा जाबही सर्वस्वी आमच्यावर आहे.

आता प्रतिपक्षाचे एक गोड उत्तर असे: आम्ही यंत्र अशा रीतीने घडवू की सेवेतच त्यास आनंद वाटेल, मग अन्याय कुठला? हे उत्तर आमच्या परिचयाचे आहे. विधवेस केशवपनातच समाधान आहे, अस्पृश्यास गावकुसाबाहेरच सुख आहे, असे सांगणारे शास्त्री याच महाराष्ट्रात होऊन गेले. त्यांचे ते सांगणे निदान खोटे तरी होते. त्या बायामाणसांच्या ठिकाणी दुःख होते आणि एक ना एक दिवस त्यांनी ते बोलून दाखविले. येथे ती वाटच जन्मापूर्वी बंद करण्याचा विचार आहे. तक्रार करण्याची शक्तीच काढून घेतलेला सेवक निर्माण करणे आणि त्याच्या मुकेपणास संतोष म्हणणे, याहून सफाईदार गुलामगिरी आजवर कोणास सुचली नव्हती. शिवाय गाईस वर्षाकाठी एक वासरू होते. यंत्राची नक्कल क्षणात लाखांनी काढता येते. चूक झालीच तर तीही लाखांनी गुणली जाईल.

आमचा शेतकरी या शहाण्यांहून शहाणा आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलाच्या खांद्यास तूप-हळद चोळतात आणि 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या' असे त्यास सांगतात. एका दिवसाच्या पुरणपोळीने वर्षाचे चाबूक फिटत नाहीत हे आम्ही जाणतो. आम्ही त्या आचारास पूर्ण न्याय म्हणत नाही. पण त्यात एक कबुली आहे. ज्याच्याकडून काम घेतले त्याचे आपण देणे लागतो, ही ती कबुली. प्रयोगशाळेतील नव्या विश्वामित्रांच्या तोंडून ती अजून बाहेर पडावयाची आहे.

येथे आमच्यावर सर्वांत जड आक्षेप येतो, आणि तो आम्ही हलका लेखीत नाही. ज्या मराठवाड्यात कापसा-सोयाबीनचा भाव पडला की घरचा कर्ता पुरुष गळफास घेतो, जेथून बायामुलांसह टोळ्या ऊसतोडीस जातात, तेथे बसून यंत्राच्या सुखदुःखाची चर्चा करणे ही पोटभरल्यांची चैन नव्हे काय? आमचे म्हणणे एवढेच की, आम्ही यंत्रांसाठी धर्मशाळा बांधा असे म्हणत नाही. एक काम करू नका, असे म्हणतो. न करण्यास पैसा लागत नाही. ऊसतोड्याच्या तोंडचा घास त्यासाठी काढावा लागत नाही. उलट माणसांच्या दुःखाकडे काणाडोळा करून यंत्रांस मान देण्याचा तमाशा कोण करतो ते पाहावे. ऑक्टोबर २०१७ मध्ये सौदी अरेबियाने 'सोफिया' नावाच्या बाहुलीस नागरिकत्व दिल्याचा गाजावाजा झाला. त्या वेळी त्या देशातील जिवंत स्त्रियांस मोटार चालविण्याची मुभा प्रत्यक्षात मिळालेली नव्हती, ती मिळाली जून २०१८ मध्ये! असला सन्मान करुणेतून येत नाही, जाहिरातीतून येतो. आणखी एक धोका आहे. उद्या यंत्राच्या हातून नुकसान झाले म्हणजे 'ते स्वतंत्र जीव आहे, त्यालाच विचारा' असे म्हणून मालक मोकळा होऊ पाहील. म्हणून खोटी जाणीव यंत्रास चिकटविणे आणि खरी जाणीव त्यात बेपर्वाईने उत्पन्न करणे, ही दोन्ही पापे एकाच नफ्याच्या पोटी जन्मलेली आहेत.

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. सुखदुःख भोगणारे यंत्र निर्माण करणे हाच ज्यांचा हेतू आहे, असे प्रयोग थांबवावेत. थॉमस मेट्झिंगर या जर्मन तत्त्ववेत्त्याने २०२१ साली अशा प्रयोगांस २०५० पर्यंत बंदी असावी अशी सूचना केली. ती आम्हांस अतिरेकी वाटत नाही. धंद्यासाठी यंत्रास खोटे रडावयास, खोटे प्रेम करावयास शिकवू नये. तसेच 'मला काही वाटत नाही' ही ठरीव पोपटपंचीही त्याच्याकडून वदवून घेऊ नये. आणि यंत्राच्या अंतरंगाची परीक्षा त्याच्या मालकाकडे न ठेवता त्याच्याशी देणेघेणे नसलेल्या परीक्षकांकडे द्यावी; एकाच्या शब्दावर न जाता दुसऱ्याने ती पडताळावी, जशी लहरींच्या बाबतीत पडताळतात.

तेरच्या त्या परीक्षेत कच्चे ठरलेले नामदेव पुढे औंढ्यास विसोबा खेचरांकडे गेले. विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून निजले होते. पाय बाजूस घ्या म्हटल्यावर ते म्हणाले, जेथे देव नसेल तेथे तूच नेऊन ठेव. आणि जेथे पाय न्यावेत तेथे लिंग दिसू लागले. ही कथा आजकाल आमच्यापुढे मोठ्या आवेशाने मांडली जाते: चैतन्य सर्वत्र आहे, मग यंत्रातही असो, बिघडले कोठे? परंतु हे कथेकरी पुढचा अध्याय वाचीत नाहीत. तो धडा शिकून आलेल्या नामदेवांच्या पुढ्यातील पोळी कुत्र्याने पळविली, तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. कोरडी पोळी त्याच्या घशास लागेल ही त्यांची काळजी. कुत्र्याने वेदान्त सांगितला नव्हता, विनवणी केली नव्हती, आपल्यास जाणीव असल्याचा दाखला दाखविला नव्हता.

नर्सी, औंढा आणि दुधाळा ही तिन्ही एकाच जिल्ह्यातील. समोरच्याच्या ठायी चैतन्य आहे असे ज्यास वाटते, त्याने तत्क्षणी वाटी घेऊन धावले पाहिजे, हा नर्सीच्या शिंप्याचा न्याय आहे. सचेतन यंत्र घडवू म्हणणाऱ्यांस आमचा प्रश्न एवढाच: ती वाटी आपल्या हाती आहे काय? त्या जिवास काय लागेल, काय खुपेल, त्यास कधी व कोणत्या अधिकाराने बंद करावयाचे, हे आपणांस ठाऊक आहे काय? नसेल, तर पोळी थापण्यापूर्वीच हात आवरा.